परराज्याचे स्वास्थ्य आणि आपला प्रतिनिधी

बुलढाणा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून जाणाऱ्या सभासदाकडे त्याचे मतदार कोणती गाऱ्हाणी घेऊन जातात, याची यादी कोणासही घरबसल्या करता येईल. कापसाचा व सोयाबीनचा भाव, पिण्याचे पाणी, कर्जाची वसुली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्याची चर्चा चालली आहे तो खामगाव-जालना लोहमार्ग, ही त्यातील ठळक कलमे. श्रीलंकेत, मालदीवात किंवा बांगला देशात राज्यकारभाराची घडी नीट बसावी म्हणून आपल्या सरकारने काय केले व तुम्ही त्यास मान का डोलाविली, असे विचारणारा मतदार मेहकरच्या किंवा मलकापूरच्या सभेत क्वचितच भेटेल. उलट सभासदाने आपण होऊन तो विषय काढला, तर ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ अशीच श्रोत्यांची भावना व्हावयाची. परराष्ट्रकारण हे मुत्सद्द्यांचे काम. कापूस पिकविणाऱ्यांच्या प्रतिनिधीने त्यात कशास पडावे, असा हा एकंदर समज आहे.

हा समज आम्हांस घातक वाटतो. परक्या राज्यात स्वास्थ्य नांदावे म्हणून जो पैसा जातो, तो याच मतदारांच्या करातून जातो. आणि जेव्हा शिपाई जातात, तेव्हा ते याच मतदारांच्या घरांतून जातात. ज्याच्या संमतीने हे घडते त्याने त्या संमतीचा हिशेब देऊ नये, हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसणार नाही. तेव्हा दुसऱ्याच्या राज्याची घडी विस्कटू नये म्हणून आपण तेथे हात घालावा काय, आणि घालावयाचा तर त्यास होकार देणाऱ्या प्रतिनिधीने तो कोणत्या कसोटीवर द्यावा, हा प्रश्न मुळात नीतीचा आहे, व तो आपल्या दाराशी आहे. आमचे तर असे म्हणणे आहे की, वऱ्हाडच्या माणसास या प्रश्नाची उकल इतरांहून अधिक साधावी. कारण ‘स्वास्थ्य’ देणारे आणि ‘स्वास्थ्य’ घेणारे अशा दोन्ही पक्षांत वऱ्हाडच्या भूमीने आपले दिवस काढले आहेत.

सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव घ्या. १७२४ च्या ऑक्टोबरात येथे निजामुल्मुल्क आणि दिल्लीच्या बादशहाने दक्षिणेवर नेमलेला मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, आणि विजयी निजामाने गावाचे नाव पालटून त्यात ‘फत्ते’ हा शब्द घातला. हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला तो येथे. या प्रसंगी निजामाच्या पाठीशी बाजीरावाच्या मराठी फौजेचे बळ होते. दिल्लीकडून नित्य बदलत येणाऱ्या सुभेदारांपेक्षा दक्षिणेत एक खंबीर शेजारी बरा, त्याच्याशी करार करता येतील, आणि आपले चौथाई-सरदेशमुखीचे हक्क निर्वेध चालतील, असा तो हिशेब असावा. हिशेब चुकीचा होता असे कोण म्हणेल? परंतु चार वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, १७२८ च्या फेब्रुवारीत, त्याच निजामास पालखेडाजवळ कोंडून त्याच्याकडून ते हक्क पुन्हा कबूल करून घेण्याची पाळी त्याच बाजीरावावर आली. ज्याचे आसन आपण स्थिर केले तो आपला होतोच असे नाही. आसन स्थिर झाले की तो स्वतःचा होतो. उपकाराची आठवण ही राज्यांच्या वहीत फार दिवस टिकणारी बाब नव्हे, हा पहिला धडा आपल्याच जिल्ह्यात लिहिलेला आहे.

दुसरा धडा याहून कडू आहे. १७९८ त व पुन्हा १८०० त निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचे करार केले. वेलस्लीने त्यास जे सांगितले ते आजच्या वृत्तपत्री भाषेत सांगावयाचे तर इतकेच की, तुमच्या राज्याच्या स्थैर्याची हमी आम्ही घेतो. निजामाच्या पदरी फ्रेंच सरदार रेमंडने उभारलेली पलटण होती. ती १७९८ त मोडून टाकण्यात आली, आणि ‘आम्ही नाही आलो तर फ्रेंच येतील’ हे कारण या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी राहिले. फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला गेला. पुढे १८०३ त अडगावची लढाई इंग्रजांनी जिंकली, देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातील अंमल उठला, आणि सारे वऱ्हाड निजामाच्या हाती आले. यानंतर तैनाती फौजेखेरीज आणखी एक फौज हैदराबादेत उभी राहिली. रेसिडेंटाच्या सल्ल्याने वाढलेली, इंग्रज अंमलदारांच्या हुकमात असलेली, पण पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून घेणारी. तिलाच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. तिची एक छावणी वऱ्हाडात एलिचपुरास होती.

या फौजेने काम केले नाही असे नाही. बंडखोर जमीनदार तिने वठणीवर आणले, लुटारूंचा बंदोबस्त केला. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट अशी घडली की, जिच्याकडे तहनाम्यांच्या भाषेचे लक्षच नसते. प्रजा असंतुष्ट झाली तर आपले सिंहासन डळमळेल, ही जी राजास स्वाभाविक भीती असते, ती भीतीच नाहीशी झाली. पूर्वी जुलूम असह्य झाला तर गावे ओस पडत, देशमुख बंड करीत, आणि दरबारास दोन पावले मागे यावे लागे. आता बंड मोडावयास परक्याची फौज हजर होती. मग वऱ्हाडचे परगणे सावकारांस मक्त्याने देण्यास कोणाचा अटकाव होता? पूरणमल गेला आणि पेस्तनजी आला, एवढाच रयतेच्या दृष्टीने राज्यकारभारातील फेरफार. परकी मदत राज्याला स्थिर करीत होती की फक्त राज्यकर्त्याला, हा प्रश्न ना कलकत्त्यास कोणी विचारला, ना हैदराबादेस. राज्याचे स्वास्थ्य आणि राज्यकर्त्याचे स्वास्थ्य या दोन वस्तू भिन्न आहेत; आणि दुसरीला पहिलीचे नाव देऊन जो व्यवहार होतो, त्याची किंमत तिसराच कोणीतरी देतो.

फौजेचा पगार थकत गेला, कर्ज साचले, आणि १८५३ च्या मे महिन्यात डलहौसीने वऱ्हाड त्या पगारापोटी लावून घेतले. १८६० त नवा तह होऊन सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, परंतु वऱ्हाड सुटले नाही. सालारजंगाने आपली हयात ते परत मागण्यात घालविली. १९०२ त वर्षास २५ लाख रुपये खंडाने ते इंग्रजांस कायमचे मिळाले, १९०३ त मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले, आणि १९३६ त आणखी एक करार होऊन नावापुरती मालकी निजामाची असल्याचे पुन्हा सांगण्यात आले. चार वेळा कागद झाले. चारही वेळा ज्या जमिनीविषयी ते झाले, तीवर नांगर धरणाऱ्या एकाही माणसास त्याचे मत कोणी विचारले नाही.

येथे कोणी म्हणेल, आणि न्यायाने म्हणेल, की इंग्रजी अंमलात वऱ्हाडच्या कुणब्याचे बरेही झाले. मोजणी झाली, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, मक्तेदाराची कटकट मिटली. १८७० त जलंब ते खामगाव हा लोहमार्ग लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. हे सर्व मान्य आहे. परंतु हा लोहमार्ग कशासाठी झाला हेही ध्यानात ठेवावयास हवे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस अडला होता, आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. खामगावच्या बाजारात तेव्हा पैशाचा पूर आला. युद्ध संपले आणि तो तितक्याच वेगाने ओसरला. पाच हजार कोसांवरची लढाई आपल्या शेतकऱ्याला चार वर्षे श्रीमंत करते आणि पाचव्या वर्षी कर्जात लोटते, हे ज्या जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वी अनुभवले, त्या जिल्ह्याने परदेशच्या स्वास्थ्याशी आपला काय संबंध, असे विचारावे, ही मौजेची गोष्ट होय.

असो. आपल्या सोसण्याची कथा सांगताना आपल्या हातून घडलेले विसरणे हा जगाचा जुना दोष आहे. तो आपण तरी टाळू या. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल्यावर चालून जात राहिल्या. १७५१ त अलिवर्दीखानाने वर्षास १२ लाख रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा त्या प्रांतास उसंत मिळाली. चौथाई म्हणजे संरक्षणाचा मोबदला, अशी तिची उपपत्ती आपण इतिहासात शिकतो. बंगाली आई मात्र आपल्या मुलास झोपविताना आजतागायत जे अंगाईगीत म्हणते, त्यात बर्गी येतात आणि मूल भयाने निजते. ते बर्गी म्हणजे आपण. स्वास्थ्य देणाऱ्याची उपपत्ती एक असते आणि घेणाऱ्याची आठवण दुसरी असते, याला याहून निराळा पुरावा कशास हवा?

आता प्रतिनिधीकडे वळू. पारतंत्र्यात आपल्या लोकप्रतिनिधींस परराष्ट्रकारणात शब्दही नव्हता. १९१९ च्या कायद्याने संरक्षणाचा व परराज्यविषयक खर्च कायदेमंडळाच्या मताबाहेर ठेवला होता. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई मेसापोटेमियात, पूर्व आफ्रिकेत व फ्रान्सात मेले. ते कोणाच्या स्वास्थ्यासाठी, हे विचारण्याची सोय नव्हती. म्हणूनच १९२१ च्या मार्चात, एशर समितीच्या अहवालावर शिवस्वामी अय्यर यांनी मांडलेल्या ठरावांतून, हिंदी सैन्य हे हिंदुस्थानच्या संरक्षणासाठी व अंतर्गत शांततेसाठी आहे, असे मध्यवर्ती कायदेमंडळाने बजावले, त्याचे महत्त्व मोठे आहे. १९४० च्या नोव्हेंबरात त्याच कायदेमंडळाने युद्धखर्चाचे वित्तविधेयक फेटाळले. गव्हर्नर-जनरलने आपल्या खास अधिकारात ते मंजूर केले, ही गोष्ट वेगळी. ज्यांस नकार देण्याचा खरा अधिकार नव्हता त्यांनी नकार नोंदविला. वणीचे लोकनायक बापूजी अणे हे याच मध्यवर्ती कायदेमंडळातील वऱ्हाडचे नामवंत सभासद. १९४३ च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा त्यांनी राजीनामा दिला. आणि त्याच वर्षापासून १९४७ पर्यंत ते सिलोनात हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांचे भवितव्य त्या बेटाच्या राज्यव्यवस्थेत काय होणार, हा तेथे हिंदी प्रतिनिधीपुढचा मुख्य प्रश्न असे. वऱ्हाडचा लोकप्रतिनिधी परराज्यात जातो तो मजुरांचे गाऱ्हाणे ऐकावयास, हे चित्र आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

स्वराज्य आले आणि अधिकार आला. परंतु तो कोणत्या रूपात आला, हे नीट पाहिले पाहिजे. राज्यघटनेच्या ५१ व्या अनुच्छेदाने आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांच्या वृद्धीसाठी राज्याने झटावे असे सांगितले. मात्र परराष्ट्राशी तह करण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे बंधन घटनेत नाही. प्रतिनिधीच्या हाती राहिली ती साधने म्हणजे प्रश्न, चर्चा, अविश्वासाचा ठराव आणि पैशाची मंजुरी. त्यांतील शेवटचे साधन सर्वांत बळकट. आणि तेच सर्वांत कमी वापरले जाते. परराष्ट्र खात्याची अनुदानाची मागणी कित्येक वर्षी इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर एकगठ्ठा मतास टाकली जाऊन चर्चेवाचून पार पडते. आपल्या आजोबांनी जो अधिकार मागितला, तो नातवांनी सहीपुरता ठेवला, असे म्हटले तर राग येईल. पण खोटे म्हणता येणार नाही.

या अधिकाराचा उपयोग केला तर काय होते आणि न केला तर काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच स्मरणातील आहेत. १९७१ च्या मार्चच्या अखेरीस पूर्व बंगालात कत्तल सुरू झाली, तेव्हा ३१ मार्च रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तेथील जनतेस सहानुभूती व पाठिंबा देणारा ठराव एकमताने संमत केला. त्यानंतर आठ महिने देशाने सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार सोसला, आणि प्रश्न संसदेत पुनःपुन्हा निघत राहिला. डिसेंबरात युद्ध आले तेव्हा ते कशासाठी आहे हे साऱ्या देशास ठाऊक होते. युद्ध संपल्यावर १९७२ च्या मार्चात आपल्या फौजा परत आल्या. त्या युद्धातही राष्ट्राचा स्वार्थ होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो स्वार्थ उघडा होता, ज्यांच्यासाठी गेलो त्या लोकांनी नुकताच निवडणुकीत आपला कौल दिला होता, आणि परतीची वाट आपण बुजविली नव्हती.

याउलट १९८७. श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांस आपल्या भूमीवर शिक्षण व शस्त्रे मिळाली होती, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. संसदेने तिला कधी संमती दिली नव्हती. पुढे २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोस करार झाला, तोही संसदेच्या पूर्वसंमतीवाचून; आणि दुसऱ्याच दिवशी आपली शांतिसेना जाफन्यात उतरली. शांतता राखावयास गेलेली ही सेना ऑक्टोबरात ज्यांच्या रक्षणासाठी गेली म्हणून सांगितले जात होते त्यांच्यातीलच वाघांशी लढू लागली. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर रोजी पडले. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. कोलंबोतील राज्यकर्ते बदलले, आणि १९८९ त नव्या अध्यक्षाने, प्रेमदासांनी, तुम्ही चालते व्हा असे आपणांस सांगितले. १९९० च्या मार्चात शेवटची तुकडी परतली. अकराशेंहून अधिक जवान गेले होते. ते कशासाठी गेले, याचे एक वाक्यात उत्तर त्यांच्या घरच्यांस देणे आजही कोणास सुलभ नाही. संसदेत आधी चर्चा झाली असती तर हे टळले असते, असा आमचा दावा नाही. परंतु कोणाचे स्वास्थ्य, कोठवर आणि कोणाच्या सांगण्यावरून परत यावयाचे, एवढे तरी जाहीरपणे विचारले गेले असते. आणि ज्याला उत्तर नाही असा प्रश्न जाहीरपणे विचारला जाणे, हेच कित्येकदा पाऊल रोखण्यास पुरेसे होते.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, परराष्ट्रकारण गुप्ततेने व त्वरेने करावे लागते. साडेपाचशे सभासदांच्या चव्हाट्यावर ते होत नसते. हे काही अंशी खरे आहे. वाटाघाट गुप्त असावी. परंतु हेतू गुप्त असण्याचे कारण नाही. लग्न जुळविताना मध्यस्थ चार गोष्टी झाकून बोलतो, पण लग्न कोणाचे हे मुलीच्या बापापासून झाकीत नाही. फौज पाठविण्याची घाई असेल तेव्हा पाठवावी; परंतु ती तेथे अमुक मुदतीपलीकडे राहावयाची असेल तर सभागृहाचा ठराव हवा, एवढा संकेत पाळल्याने कोणते राष्ट्र बुडेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपण नाही गेलो तर दुसरा जाईल. आज तो दुसरा म्हणजे चीन. हा आक्षेप ऐकला की आम्हांस वेलस्ली व रेमंड आठवतात. ‘फ्रेंच येतील’ ही भीतीही खोटी नव्हती. प्रश्न असा की, खऱ्या भीतीपोटी केलेले कृत्य आपोआप न्याय्य ठरते काय? शेजाऱ्याच्या घरी चोर शिरेल म्हणून आपण त्याच्या ओटीवर बिछाना टाकावा, आणि पुढे त्या ओटीचे भाडेही त्याच्याकडून घ्यावे, हा न्याय हैदराबादच्या दरबारी चालला. त्याचा शेवट वऱ्हाड गहाण पडण्यात झाला. शेजारी आपला राहावा असे वाटत असेल, तर त्याच्या राज्यकर्त्यापेक्षा त्याच्या लोकांशी आपले बरे असणे हाच टिकाऊ बंदोबस्त. २०२४ च्या ५ ऑगस्टला ढाक्यात शेख हसीना यांचे सरकार जनक्षोभाने कोसळले, तेव्हा त्या सरकारच्या स्थैर्यावर वर्षानुवर्षे विसंबलेल्या आपल्या धोरणास हाच ठेचकाळण्याचा अनुभव आला. ज्या लोकांसाठी १९७१ त आपण गेलो, त्यांच्यातील पुष्कळांस आपण त्यांचे नव्हे, तर त्यांच्या राज्यकर्त्यांचे मित्र वाटू लागलो होतो. मालदीवातही आपल्या मोजक्या सैनिकांची उपस्थिती हा निवडणुकीचा विषय झाला. नव्या अध्यक्षाने ते परत न्या म्हटले, आणि २०२४ च्या मे महिन्यात आपण ते परत आणले. यात काहींना मानहानी दिसली. आम्हांस यात शहाणपण दिसते. चालते व्हा म्हणताच जो निघतो, तोच पुन्हा बोलाविला जाण्याची आशा राहते.

मग परराज्याच्या स्वास्थ्यास साह्य करूच नये काय? तसे म्हणणे भ्याडपणाचे होईल. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. पण शेजारचे जळताना पाणी घेऊन धावणे हाही धर्मच आहे. १९५३ त कोरियाचे युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास नाखूष असलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण करण्यास आपली सेना गेली. तिचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी होते. काम नेमके, मुदत ठरलेली, दोन्ही पक्षांची संमती घेतलेली. १९५४ च्या जानेवारीत कैदी हवाली झाले व त्यानंतर लवकरच आपले जवान परतले. २०२२ त श्रीलंकेचा खजिना रिता झाला, इंधनासाठी व औषधासाठी लोक रस्त्यावर आले, तेव्हा सुमारे ४ अब्ज डॉलरांचे साह्य आपल्या देशाने केले. त्या उन्हाळ्यात तेथील राज्यकर्ते गेले, पण साह्य वाया गेले नाही. कारण ते इंधन, अन्न व औषध या रूपाने लोकांपर्यंत पोहोचले होते. राज्यकर्ता पडल्यावरही जे साह्य उभे राहते, ते राज्यास केलेले साह्य. त्याच्याबरोबर जे पडते, ते राज्यकर्त्यास केलेले. ही परीक्षा मागाहून होते हे कबूल. पण विचार करणाऱ्यास तिचा अंदाज आधीही बांधता येतो.

शेवटी प्रश्न उरतो तो त्या एका सभासदाचा. परराष्ट्रकारणावरील मतदानाच्या दिवशी त्याच्यापुढे पक्षाचा आदेश असतो, खात्याने दिलेले टिपण असते, आणि मतदारसंघातून कोणाचेही पत्र आलेले नसते. त्या दिवशी तो जे करील त्याबद्दल त्याला निवडणुकीत कोणी जाब विचारणार नाही. नीतीची खरी कसोटी लागते ती अशाच ठिकाणी. आमचे त्यास एवढेच सांगणे आहे की, मत देण्यापूर्वी त्याने मनाशी दोन माणसे उभी करावी. एक, मेहकर तालुक्यातील एखादी आई, जिचा मुलगा पलटणीत आहे. तुझ्या मुलास तेथे का पाठवितो, हे तिला तिच्या भाषेत, दोन वाक्यांत सांगता येते की नाही, हे त्याने पाहावे. आणि दुसरा, परमुलखातील एक कुणबी, ज्याच्या शेतावरून आपली फौज जाणार आहे किंवा ज्याच्या राज्यकर्त्याच्या खजिन्यात आपला पैसा पडणार आहे. त्या माणसाची जागा त्याच्या स्वतःच्या पणज्याने १८५३ त घेतली होती, हे त्याने विसरू नये. पहिलीस सांगता येईल आणि दुसऱ्यापुढे मान खाली घालावी लागणार नाही, असे वाटले तर खुशाल हात वर करावा. नाहीतर आदेश मोडण्याचे धैर्य नसले, तरी निदान उठून प्रश्न तरी विचारावा. १९४० च्या कायदेमंडळातील सभासदांजवळ याहून अधिक काही नव्हते; त्यांनी तेवढे केले.